कामाकुरा की उसुकी? समुद्राकाठचा रस्ता आणि जुने बुद्ध

जपानच्या दौऱ्यात समुद्राला लागून जाणारा रस्ताही हवा आणि जुनी बुद्धमूर्तीही पाहायची, असं म्हटलं की सगळे कामाकुरा सुचवतात. टोकियोहून ट्रेनने साधारण तासाभराचं अंतर, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण या मूर्ती शतकानुशतकं टिकवल्या कशा, हे जाणून घ्यायची ओढ असेल, तर क्यूशू बेटावरच्या ओइता प्रांतातलं उसुकी जरूर विचारात घ्या.

रस्त्याचं आधी सांगतो. कामाकुराचा 134 क्रमांकाचा महामार्ग सागामी उपसागराच्या अगदी कडेने जातो आणि हिवाळ्यात हवा स्वच्छ असेल तर एनोशिमा बेटापलीकडे फुजी दिसतो. सुट्टीच्या दिवशी मात्र गाड्यांची रांग हलता हलत नाही. तेव्हा एनोदेन ही छोटी रेल्वे बरी, तीही काही अंतर समुद्राशेजारूनच धावते. ओइता ते बेप्पू हा 10 क्रमांकाचा महामार्ग मला जास्त आवडतो. एकीकडे बेप्पूचा उपसागर, दुसरीकडे माकडांसाठी प्रसिद्ध असलेला ताकासाकी डोंगर, आणि मधून रुंद, मोकळा रस्ता. उसुकी ओइताच्या दुसऱ्या बाजूला आहे, म्हणून दोन्ही करायचं तर तिकडे एक मुक्काम धराच.

कामाकुराचा महाबुद्ध कांस्याचा, सुमारे 11 मीटर उंच आणि 121 टन वजनाचा. ओतकाम 1252 मध्ये सुरू झालं. भोवतीचं मंदिर वादळांनी आणि त्सुनामीने नेलं, तेव्हापासून मूर्ती खाऱ्या वाऱ्यात उघडी बसली आहे. 1960-61 च्या दुरुस्तीत मान आतून फायबरने मजबूत केली आणि भूकंपात मूर्ती थोडी सरकू शकावी म्हणून तळाशी स्टेनलेस स्टीलचा पत्रा घातला. मूर्तीच्या पोटात जाता येतं, ते चुकवू नका. ओतकामाचे सांधे आणि मानेची डागडुजी तिथे डोळ्यांसमोर दिसते.

उसुकीचा प्रश्न वेगळा आणि मला वाटतं जास्त अवघड आहे. इथले बुद्ध कड्यातच कोरलेले आहेत, बहुतेक 12व्या-13व्या शतकातले. अजिंठा-वेरूळचा कातळ बसाल्टचा, टणक. हा दगड आसो ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला, मऊ. कोरायला सोपा तसाच झिजायलाही. आतून पाणी पाझरतं, थंडीत गोठतं, क्षार वर येऊन पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात, वर शेवाळ धरतं. म्हणून मूर्तींवर छपरं उभारली आहेत. फोटोत ती आड येतात, पण त्यांच्याविना ओठांवरचे आणि भुवयांवरचे रंग राहिले नसते. यांतल्या दाइनिचि (महावैरोचन) बुद्धाचं मस्तक कित्येक वर्षं खाली चौथऱ्यावर ठेवलेलं होतं आणि लोकांना तेच रूप ओळखीचं झालं होतं. 1993 मध्ये ते पुन्हा धडावर बसवलं आणि 1995 मध्ये या मूर्तींना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. मस्तक परत बसवलं हे योग्यच झालं, असं मला ते पाहताना वाटलं.

टोकियोतून एकच दिवस काढता येत असेल तर कामाकुराच करा. उसुकीची घाई करून काही हाती लागणार नाही. क्यूशूत दोन रात्री असतील तर निःशंक उसुकी. तिथून पुढे कुनिसाकी द्वीपकल्पातल्या कुमानो कड्यावरच्या प्रचंड मूर्तींचा मोह होईल, पण तिथल्या पायऱ्या ओबडधोबड दगडांच्या आणि चांगल्याच चढाच्या आहेत. सोबत आई-वडील असतील तर उसुकीवरच थांबा.