आगराच्या टोकापर्यंत वायफाय: मेश घ्यावं की बाहेरचा ॲक्सेस पॉइंट?

गुहागरातली आगरं लांबट. रस्त्याला लागून घर, मागे विहीर, मग माड-पोफळी, आणि अगदी टोकाला सुरूच्या बनाकडे उघडणारं बेडं. आमचंही तसंच. त्या टोकाला आम्ही पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या, आणि पहिल्या पाहुण्यांबरोबरच वायफायचा प्रश्न आला. फायबर पुढच्या घरात, माजघरात. तिथून मागच्या खोल्या वाटेने मोजल्या तर 70 मीटर. मध्ये हातभर जाडीच्या चिऱ्याच्या भिंती. मोबाइलची रेंज मागे कधी असते, कधी नसते, त्यामुळे पाहुण्यांचे फोन, आमचं यूपीआय, सगळंच वायफायवर अवलंबून.

मी आधी तीन नगांचा मेश संच वापरला, म्हणजे एकमेकांशी बिनतारी जोडून घेऊन एकच वायफाय पसरवणारे नग, दोन पावसाळे. आता तीन वर्षं बाहेर बसवायचा ॲक्सेस पॉइंट वापरतोय, म्हणजे राउटरपासून केबल नेऊन तिच्या टोकाला लावायचं वायफायचं यंत्र. दोन्ही पैसे देऊन घेतलेले, दोन्ही स्वतः बसवलेले. ज्यांचं अजून ठरत नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय.

रिपीटरचा विचार करत असाल तर सोडून द्या. आलेला सिग्नल पकडून तोच पुन्हा त्याच रेडिओवरून सोडायचा म्हणजे वेग जवळपास निम्मा होतो, आणि मुळात जिथे रेंज अर्धमेली आहे तिथेच तो लावला जातो. एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर समोरासमोर नेम धरून बसवायचे वायरलेस ब्रिज चांगले असतात, पण त्यांना मधली नजर मोकळी लागते. आगरात ती नसते. राहिले दोनच पर्याय.

मेशबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. डबा उघडल्यापासून तासाभरात तिन्ही नग चालू झाले. एक माजघरात, एक मागच्या पडवीत, एक थेट मागच्या खोलीत. खणणं नाही, पाइप नाही, कुणाला बोलावणं नाही. सगळं फोनवरच्या एका ॲपमध्ये. पुढच्या घरातून बोलत बोलत माणूस मागे गेला तरी कॉल सहसा तुटत नसे. मे महिन्यात, कोरड्या दिवसांत, मागच्या झोपाळ्यावर बसून व्हिडिओ कॉल नीट व्हायचा. माझ्या लेखी तेच मोजमाप.

मृग लागला आणि चित्र पालटलं. जांभा पाणी पितो, हे इथल्या कुणालाही सांगायला नको. भिजलेली भिंत, भिजलेल्या केळीच्या पानांचा पडदा, पोफळींवर चढलेले मिरीचे वेल, हे सगळं वायफायच्या वाटेत उभं पाणीच. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी 5 गिगाहर्ट्झला तर ते अजिबात झेपत नाही, 2.4 कसाबसा पोचतो. पडवीतला नग आणि मागचा नग यांच्यातला दुवा श्रावणात इतका बारीक झाला की खोलीत फोनवर सगळ्या दांड्या दिसायच्या आणि पान मात्र उघडायचं नाही. पाहुण्याला वाटतं वायफाय आहे, मग चालत का नाही? दांड्या दाखवत होता जवळचा नग. त्याच्यामागची वाट बंद, हे त्याला कसं कळणार.

तरीही मी मेश ठेवलं असतं. तिसरा नग थोडा पुढे सरकवून, चौथा वाढवून काहीतरी जमवलं असतं. ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती वेगळी होती: लाईट.

घराला इन्व्हर्टर आहे, मागच्या खोल्यांना नाही. मेशच्या प्रत्येक नगाला आपापला प्लग लागतो. म्हणजे लाईट गेली की घरातलं वायफाय चालू आणि मागचं बंद. बरं, पावसाळ्यात लाईट एकदाच जाऊन एकदाच येत नाही. जाते, येते, पुन्हा जाते, मग दिवे मंद जळतील इतकीच येते. दर वेळी मागचा नग नव्याने सुरू व्हायचा, त्याला दुवा शोधायला चार-पाच मिनिटं लागायची, तोवर पुन्हा गुल. कधी कधी तो पडवीतल्या नगाऐवजी थेट माजघरातला नग धरून बसायचा, लांबचा, क्षीण. मग एकच उपाय: प्लग काढून पुन्हा लावणे.

गणपतीच्या आदल्या आठवड्यातली एक रात्र. मागच्या खोलीत पुण्याचं कुटुंब, त्यांच्या मुलीची दुसऱ्या दिवशी सकाळी ऑनलाइन मुलाखत. रात्री साडेदहापासून लाईटची ये-जा चालू. मी एका हातात छत्री आणि एका हातात बॅटरी घेऊन त्या 70 मीटरच्या वाटेवरून तीनदा गेलो. वाटेवर शेवाळ, वरून झावळी कधी पडेल याचा नेम नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ती मुलगी दारात उभी होती, म्हणाली, "काका, राहू दे, मी सकाळी तुमच्या ओटीवर येऊन बसते." ती बसलीही, मुलाखतही छान झाली. पण पैसे देऊन राहायला आलेल्या माणसाला आपल्या ओटीवर यावं लागलं, हे मला फार लागलं.

मिनी यूपीएस लावून पाहिला. पहिल्या वर्षी दोन-अडीच तास चालला, दुसऱ्या पावसाळ्यात अर्ध्या तासावर आला. मागे दुसरा इन्व्हर्टर बसवणं हा उपाय आहेच, पण फक्त वायफायसाठी तो खर्च आणि ती बॅटरीची देखभाल मला पटली नाही.

बाहेरच्या ॲक्सेस पॉइंटचं मर्म माझ्या मते इथे आहे, रेंजमध्ये नाही. त्याला इंटरनेट आणि वीज एकाच केबलमधून मिळते. घरात इन्व्हर्टरवर पीओई इंजेक्टर, म्हणजे नेटच्या केबलीत वीज सोडणारा डबा, तिथून एक केबल गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने मागे, आणि टोकाला वळचणीखाली ॲक्सेस पॉइंट. मागे प्लगची गरजच नाही. लाईट कितीही वेळा गेली-आली तरी मागच्या पडवीत वायफाय चालू राहतं. ते बसवल्यापासून पावसात मागे जाऊन प्लग काढायची वेळ माझ्यावर आलेली नाही.

वीजही फार लागत नाही. केबलीतून वीज देण्याच्या, 2003 साली आलेल्या 802.3 एएफ या मानकात केबलमध्ये जास्तीत जास्त 15.4 वॅट सोडता येतात, 2009 च्या 802.3 एटीमध्ये 30 वॅट. साध्या बाहेरच्या यंत्राला बहुधा पहिलंच पुरतं. मात्र 24 व्होल्टचे 'पॅसिव्ह' इंजेक्टरही बाजारात मिळतात. ते समोर कोणतं यंत्र आहे हे न विचारता वीज सोडतात. ज्या यंत्राबरोबर जो इंजेक्टर आला तोच त्याला लावा, अदलाबदल नको. टीपी-लिंकचं ओमाडा किंवा युबिक्विटीचं युनिफाय, दोन्हींत बाहेर बसवायची यंत्रं मिळतात. यातलं कोणतं घ्यायचं यावर मी फार डोकं घालवणार नाही. केबल कोणती घ्यायची यावर घालवा.

दुकानात स्वस्त म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ कॅट 6 (नेटच्या) केबलींत तार ॲल्युमिनियमची असते, वर तांब्याचा नुसता मुलामा. ब्लेडने तार खरवडून बघा. आत पांढरी दिसली तर परत करा. लांब अंतरावर वीज न्यायची तर निखळ तांबंच हवं. बाहेरच्या वापराची, काळ्या जाड आवरणाची केबल घ्या, घरातली राखाडी केबल आमच्याकडच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत तडकते. आणि पीव्हीसी पाइपमधूनच न्या. उंदीर, घुशी आणि कोयता, तिन्हींपासून वाचते.

आता या पर्यायाच्या खोडी. त्याही लहान नाहीत.

पहिली खारी हवा. खोक्यावर आयपी67 लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालतं. मिठाबद्दल तो आकडा काही सांगत नाही. पहिल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये माझं यंत्र अधूनमधून बंद पडायला लागलं. खाली उतरवून केबलचा जॅक काढला. आठ पिवळ्या रेघांपैकी दोन हिरव्या पडल्या होत्या, नखाने खरवडलं तर पूड निघाली. खारट ओल आणि त्यातून सतत वाहणारी वीज, असं दोन्ही एकत्र आलं की हे होतंच. तेव्हापासून नवा जॅक दाबताना आत सिलिकॉन ग्रीस भरतो, बाहेरून स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळतो, आणि यंत्रात शिरण्याआधी केबलला खाली झोल देतो, म्हणजे पाणी त्या झोलावरून ठिबकून जातं, जॅकपर्यंत चढत नाही. दर दिवाळीआधी उघडून बघतो. गेल्या दोन्ही वेळा रेघा पिवळ्याधमक निघाल्या. मेशचे नग घरातच असतात, त्यामुळे त्यांना हे सोसावं लागत नाही, हे मान्य.

दुसरी खोड मोठी: वीज, आभाळातली. दोन इमारतींमध्ये तांब्याची लांब तार टाकली की कडकडाट झाला की तिच्यात दाब चढतो, थेट वर पडायची गरज नसते. एका मेमध्ये वळवाच्या पहिल्याच पावसात माझ्या स्विचचा, म्हणजे तेव्हा या केबलीला वीज देणाऱ्या अनेक जोडण्यांच्या डब्याचा, एक पोर्ट गेला. ॲक्सेस पॉइंट वाचला. त्यानंतर मी स्विच बाजूला ठेवून सुटा इंजेक्टर घेतला. गेला तर तेवढाच जाईल, घरातलं बाकी सगळं नाही. केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (असा चढलेला दाब जमिनीत सोडणारे) बसवले, त्यांचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून नीट करून घेतलं. आणि वैशाखात, पुन्हा परतीच्या पावसात, ढग गडगडायला लागले की घरातल्या टोकाची केबल उपसून ठेवतो. तेवढा वेळ मागे वायफाय नसतं. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलेलं असतं, कुणी तक्रार केलेली नाही.

मधे तांब्याऐवजी फायबर टाकावी, तिच्यातून वीज येत नाही, असं जाणकार सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण फायबर टाकली की मागच्या टोकाला पुन्हा प्लग आला, म्हणजे लाईटचं दुखणं परत. तुमच्या मागच्या खोल्यांना स्वतःचा इन्व्हर्टर असेल तर मात्र फायबरच टाका, मीही तेच केलं असतं.

तिसरी गोष्ट किरकोळ. घरातला राउटर एका कंपनीचा आणि ॲक्सेस पॉइंट दुसरीचा असेल, तर नाव-पासवर्ड सारखा ठेवूनही काही फोन जुन्या, क्षीण सिग्नलला चिकटून राहतात. वायफाय कॉलिंगवर बोलत विहिरीपलीकडे गेलं की एखादा कॉल तुटतो. यात मेश सरळ सरस. मी घरातल्या राउटरची ताकद थोडी कमी केली, आता बरं आहे.

जागा निवडताना एक चूक बहुतेक जण करतात: यंत्र शक्य तितक्या उंचावर. माडाला तर कधीच बांधू नका, वाऱ्यात तो हलतो आणि नारळ काढताना काय होईल ते होईल. उंचावर सगळे शेंडेच शेंडे, पानंच पानं. तिथून खाली, जमिनीपासून तीन मीटरवर या, तर माड आणि पोफळींची नुसती खोडं उरतात आणि मधून बरीच मोकळी वाट असते. शिवाय या यंत्रांचा सिग्नल आडवा पसरतो, फार वर लावलं तर बरोबर खाली बसलेल्यालाच मिळत नाही. माझं यंत्र मागच्या पडवीच्या वळचणीखाली आहे, तोंड आगराकडे. दारं-खिडक्या पडवीवर उघडतात, त्यामुळे खोल्यांतही पोचतं. विहिरीपर्यंत 2.4 वर व्हिडिओ कॉल होतो. दुसऱ्या टोकाला बेड्यापर्यंत मेसेज जातात, कॉल जेमतेम. त्यापुढे अपेक्षा ठेवू नका. यंत्राचा आवाज कितीही लांब गेला तरी फोनला तेवढ्या लांबून उत्तर देता आलं पाहिजे, आणि फोनचा आवाज लहानच असतो.

खर्चाचं म्हणाल तर केबल, पाइप, मजुरी, प्रोटेक्टर धरून मला जवळपास मेशच्या संचाइतकाच आला. थोडा जास्तच असेल. श्रम मात्र दोन दिवसांचे.

मग मेश कुणी घ्यावं? घर एकच असेल, चौसोपी म्हणा किंवा दुमजली, सगळं एका इन्व्हर्टरवर असेल, तर मेशच घ्या. घर भाड्याचं असेल तरी मेश. मुंबईहून फक्त शिमग्याला, मेमध्ये आणि गणपतीत येणार असाल, मागे जॅक उघडून बघायला कुणी नसेल, तरीही कदाचित मेशच बरं, जाताना प्लग काढून कपाटात ठेवता येतं. पण इमारती दोन असतील, मधे आगर असेल आणि मागच्या बाजूला पावसाळ्यातही माणसं राहणार असतील, तर मला तरी केबल टाकण्याला पर्याय दिसत नाही.

ठरवण्याआधी एक दोरी घ्या आणि केबल जिथून जाईल त्याच वाटेने मोजा, गडग्याच्या वळणांसकट, भिंतीवरच्या चढ-उतारासकट. नजरेचा अंदाज इथे फसतो, आमचे 70 मीटर केबलीत 84 भरले. अशा केबलीची मर्यादा 100 मीटरची आहे. त्याच्या आत बसत असाल तर पाऊस लागायच्या आधी, जमीन कोरडी असताना पाइप टाकून घ्या.