ग्रुप पॉलिसी बदलली: वाट बघायची, जीपीअपडेट मारायचं की सर्व्हरवरून ढकलायची?

ग्रुप पॉलिसी म्हणजे ऑफिसच्या विंडोज मशीनना सर्व्हरवरून लावायची सेटिंग्ज. ती बदलल्यावर घाई नसेल तर काहीच करू नका. डोमेनमधलं (एका सर्व्हरच्या ताब्यातल्या जाळ्यातलं) विंडोज मशीन दर 90 मिनिटांनी आपणहून नवी पॉलिसी विचारतं. त्यात शून्य ते 30 मिनिटांची भर पडते, म्हणून सगळी मशीनं एकदम सर्व्हरवर तुटून पडत नाहीत. दोन तासांत काम होतं. स्क्रीन लॉकची वेळ बदलायला एवढं पुरे.

युजर डोक्यावर बसला असेल तर त्याच्याच मशीनवर जीपीअपडेट (पॉलिसी लगेच मागवणारी कमांड) चालवा. पुढे '/फोर्स' जोडायची अनेकांना सवय असते. माझ्या मते दहातल्या नऊ वेळा ते उगाच. साधी कमांड बदललेलं तेवढंच उचलते, फोर्स सगळं नव्याने लावतं. मात्र कुणी मशीनवरच सेटिंग बिघडवलं असेल तर सर्व्हरवर बदल नसल्याने साधी कमांड ते सोडून देऊ शकते. तिथे फोर्सच हवं, नाहीतर सिक्युरिटी सेटिंग पुन्हा लागायला 16 तासही जातात. फोल्डर रीडायरेक्शन (युजरचे फोल्डर सर्व्हरवर वळवणं) फोर्सनेही लॉगिनशिवाय लागत नाही. कमांड 'लॉगऑफ करू का?' विचारते तेव्हा वाय दाबण्याआधी युजरची एक्सेल शीट सेव्ह झालीय ना, ते बघा.

मशीनं पन्नास असतील तर टेबलाटेबलावर कोण फिरणार? सर्व्हर 2012 पासून पॉलिसी मॅनेजमेंट कन्सोलमध्ये ओयूवर (मशीनं आणि युजर ठेवायच्या गटावर) राइट-क्लिक करून 'ग्रुप पॉलिसी अपडेट' देता येतं. पोटातल्या ओयूसुद्धा येतात, आणि प्रत्येक मशीनवर 10 मिनिटांच्या आत काम सुरू होतं. तेवढंही थांबायचं नसेल तर पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड लिहायची खिडकी) इन्व्होक-जीपीअपडेटला डिले शून्य द्या.

खोच फायरवॉलची आहे. रिमोट शेड्यूल्ड टास्क आणि डब्ल्यूएमआयचे (दुरून मशीन हाताळायची विंडोजची सोय) नियम उघडे नसतील तर हे चालत नाही. त्यासाठी तयार स्टार्टर जीपीओ, म्हणजे पॉलिसीचा साचा, मिळतो. तो आधीच लावून ठेवा, ऐन घाईत नको. बंद मशीनं सुटतात. 'कम्प्युटर्स' कंटेनर हा ओयू नाही, तिथे पडलेली मशीनंही सुटतात.

शाखा दोन गावांत असतील तर तिन्ही मार्गांना एकच अडसर. बदल पुण्याच्या डीसीवर (डोमेन कंट्रोलर, म्हणजे पॉलिसी देणारा सर्व्हर) आणि मशीन विचारतंय नागपूरच्या डीसीला. साइट्समधलं रेप्लिकेशन, म्हणजे एका गावच्या डीसीवरचा बदल दुसऱ्या गावच्या डीसीवर पोचणं, मुळात 180 मिनिटांवर असतं. तोवर कितीही फोर्स मारा, जुनीच पॉलिसी येईल. आधी रेप्लिकेशन उरका, मग मशीनवर जीपीरिझल्ट चालवून खरोखर काय लागलंय ते तपासा.