संदर्भ टेबलावर आठ महिने: खरंच काय उपयोगी पडलं

सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं वाचनालय आमचं, शासनाच्या वर्गवारीत ब वर्ग, माणसं तीनच. गेल्या दिवाळीपासून संदर्भ विभाग माझ्याकडं आला तेव्हा कपाटात जुने कोश, एक कॉम्प्युटर आणि समोर रोज नवा प्रश्न, एवढंच होतं. आता आठ महिने झाले म्हणून सविस्तर लिहितेय, माझ्यासारखं कुणी नवीन लागलं असेल तर त्यांना उपयोग होईल.

सगळ्यात जास्त वापर जुन्या गॅझेटिअरचा, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाचा झाला, आणि सगळ्यात जास्त घोटाळाही तिथंच झाला. वाळवा तालुक्यातले एक आजोबा गावच्या यात्रेच्या स्मरणिकेसाठी इंग्रजांच्या काळातली माहिती मागायला आले. मी दोन दिवस सांगलीच्या नावानं शोधत बसले आणि हाताला काहीच लागेना. मग लक्षात आलं की त्या काळी सांगली जिल्हाच नव्हता! १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे वाळवा, तासगाव, खानापूर यांची जुनी माहिती १८८५ च्या सातारा गॅझेटिअरमध्ये, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला एकोणिसावा खंड. सांगली-मिरज ही संस्थानं, ती तिथं तालुका म्हणून शोधू नका. खंड स्कॅन केलेला फुकट मिळतो, पण त्यातलं इंग्रजी स्पेलिंग जुनं, अक्षरांवर खुणा दिलेलं, त्यामुळे शोध चौकटीत आजचं स्पेलिंग टाकलं की बऱ्याचदा काहीच येत नाही. शेवटी गावांचं प्रकरण उघडून एकेक पान बघत गेले तेव्हा सापडलं. आजोबांना झेरॉक्स दिली, त्यांनी तिथंच उभं राहून नातवाकडून सगळी वाचून घेतली, मला इतका आनंद झाला.

दुसरं म्हणजे मराठी विश्वकोश. आपल्या वाईत तयार झालेला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, पहिला खंड १९७६ चा. ऑनलाइन आहे म्हणून छापील खंड माळ्यावर टाकू नका हो, शाळेची पोरं चित्रं बघत बघत शेजारची नोंद पण वाचतात, ते स्क्रीनवर होत नाही. ऑनलाइन शोधताना ऱ्हस्व-दीर्घ बदलून दोनदा तरी बघायचं. आणि लोकसंख्या, उत्पादन असले आकडे असतील तर खंडाचं साल बघूनच सांगायचं, जुना आकडा आजचा म्हणून गेला तर चूक आपली. नोंदीखाली लेखकाचं नाव असतं तेही पोरांना लिहून घ्यायला लावते.

कागदपत्रं घेऊन येणारे लोक आमच्याकडं खूप. त्यांच्यासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे, आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथंच. एकाच्या वाटणीपत्रात 'चाहूर' शब्द होता, घरात कुणाला माहीत नाही, ते जमिनीचं माप निघालं, १२० बिघ्यांचं. सालाचं पण असंच, इसवी सन काढायला शके असेल तर ७८ मिळवायचे, फसली म्हणजे जुनं महसुली साल असेल तर ५९०, आणि ही वर्षं जानेवारीला सुरू होत नाहीत म्हणून एखादं वर्ष पुढंमागं होतं हे आधीच सांगून ठेवायचं. मोडी मात्र मी स्वतः वाचत नाही, अंदाजानं तर कधीच सांगत नाही, जमिनीचा मामला असतो, जाणकाराकडं पाठवते.

शासन निर्णय शोधायला शासनाची साइट चांगली आहे पण विभाग आणि साधारण तारीख हातात पाहिजे. लोक 'पेपरात आलं होतं' एवढंच सांगतात, मग मी आधी कोणत्या महिन्यात वाचलं ते विचारते.

आणि हे विचारणंच खरं काम आहे असं मला आता वाटतं. एक मुलगी आली, 'पाण्यावर पुस्तक आहे का?' मी जलसंधारणाची चार पुस्तकं काढून दिली, ती चाळून गप्प बसली. परत जवळ जाऊन विचारलं, बाळ नेमकं कशासाठी पाहिजे, तर तिला टेंभू योजनेचं पाणी दुष्काळी गावांत वर चढवतात कसं त्यावर प्रोजेक्ट करायचा होता. तिचा अर्धा तास माझ्यामुळं वाया गेला. वाचकाचा वेळ वाचवा हे ग्रंथालयशास्त्राच्या रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगून ठेवलंय, मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं, कळलं त्या दिवशी.

तेव्हापासून साधी दोनशे पानी वही केली. प्रश्न, माणसाला नेमकं काय हवं होतं, कुठं सापडलं, पान नंबर, आणि नाही सापडलं तर तेही. अर्ध्या तासात मिळालं नाही तर माणसाला ताटकळत ठेवत नाही, फोन नंबर घेते आणि साताऱ्यातल्या एका ग्रंथपाल ताईंना विचारते, त्याही मला विचारतात. वही आता दीडशे पानांच्या पुढं गेलीय, स्पर्धा परीक्षेची पोरं तेच तेच प्रश्न घेऊन येतात तेव्हा दोन मिनिटांत उत्तर निघतं. कोरी होती तेव्हा मागं विषयवार यादीसाठी पानं सोडायला पाहिजे होती, ती सोडली नाहीत, आता नवीन वहीत सोडणार आहे.