‘पूर्ण रिस्टोअर केलेला’ ३८६ : हिरव्या रंगाखाली काय निघालं

जाहिरातीत लिहिलं होतं : ३८६डीएक्स-४०, पूर्ण रिस्टोअर केलेला, बॅटरीची गळती साफ, सगळे कपॅसिटर नवे, मूळ हार्ड डिस्क चालू. ३८६ म्हणजे १९९०च्या आसपासच्या पीसींचा प्रोसेसर, ४० हा त्याचा मेगाहर्ट्झमधला वेग. किंमत १८,५०० रुपये. सोबत दीड मिनिटाचा व्हिडिओ. ठाणे-नवी मुंबईत जुने पीसी जमवून दुरुस्त करणाऱ्या आमच्या छोट्या गटाने ३,००० रुपये टोकन यूपीआयने दिले आणि उरलेले वाशी स्टेशनबाहेर रोख. तिथे ना वीज, ना मॉनिटर. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूवर ‘सील तुटल्यास जबाबदारी नाही’ असं स्टिकर. पनवेलचं दुसरं गिऱ्हाईक निघालंय, लवकर ठरवा, असा वर तगादा. घरी आणून उघडल्यावर जे निघालं, ते पुढे सविस्तर देतो आहोत, कारण हीच युक्ती अजून चालू आहे.

सगळ्यात मोठी लबाडी बॅटरीपाशी होती. या काळातल्या बोर्डांवर ३.६ व्होल्टची पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते, १.२ व्होल्टचे तीन सेल एकात. काही वर्षांनी ती गळतेच. आतला द्रव पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे अल्कली. तो सोल्डर मास्कच्या, म्हणजे बोर्डावरच्या हिरव्या संरक्षक थराच्या, खाली शिरतो आणि तांब्याचे ट्रॅक, म्हणजे वीज वाहणाऱ्या बारीक रेषा, आतून खात जातो. बॅटरी बहुधा कीबोर्डच्या सॉकेटशेजारी असल्यामुळे पहिला बळी कीबोर्डचे ट्रॅक, ८०४२ हा कीबोर्ड कंट्रोलर आणि जवळचे आयएसए स्लॉट (जादा कार्डं बसवायच्या खाचा) यांचा जातो.

विकणाऱ्याने बॅटरी काढली होती, एवढं खरं. पण खालचा भाग व्हिनेगरने निष्प्रभ न करता त्यावर सरळ हिरवा रंग मारला होता. समोरून पाहिलं तर बोर्ड नवा वाटतो. विजेरी आडवी धरून तिरक्या उजेडात पाहिलं की फरक कळतो : मूळ मास्कखाली ट्रॅकच्या कडा उठून दिसतात, रंगवलेल्या भागात सगळं सपाट आणि किंचित जाड. भोकांच्या, म्हणजे व्हायांच्या तोंडात रंग साचलेला असतो. कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅसिटोन घेऊन पुसल्यावर बोळा हिरवा झाला आणि खाली काळे पडलेले ट्रॅक दिसले. कारखान्यातला मास्क एका बोळ्याने असा सुटत नाही.

आम्हाला सर्वात जास्त चीड याच गोष्टीची आहे. न धुता रंगवलेला बोर्ड नुसताच बिघडलेला नसतो, तो रोज आणखी बिघडत असतो. अल्कली हवेतला ओलावा ओढून घेते आणि ठाण्या-वाशीच्या खाडीकाठच्या हवेत, त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये, ओलावा मिळायला काहीच अडचण नसते. वरच्या रंगामुळे तो ओलावा वाळतही नाही. आज चालणारा ट्रॅक दोन महिन्यांनी तुटतो आणि विकणारा म्हणायला मोकळा : माझ्याकडे असताना चालत होता.

खरी साफसफाई अशी असते. बॅटरी कापून काढायची. पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस ब्रशने लावायचा, फेस थांबेपर्यंत. मग डिस्टिल्ड वॉटरने भरपूर धुवायचं, त्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. पंख्याखाली किमान एक दिवस, पावसाळ्यात दोन. नंतर फायबरग्लास पेनने खराब मास्क खरवडून तांबं उघडं करायचं, प्रत्येक ट्रॅक मल्टिमीटरच्या बीपवर तपासायचा, तुटलेल्या जागी ३० गेजची वायर टाकायची, आणि सगळं झाल्यावरच वरून यूव्ही मास्क किंवा लॅकर. हे काम झालेल्या बोर्डावर वायरी दिसतात, डाग दिसतात. दिसू द्यावेत. असा डागाळलेला बोर्ड आम्ही डोळे मिटून घेऊ, पण बॅटरीच्या जागी चकचकीत हिरवळ असलेला पुन्हा घेणार नाही.

बॅटरीच्या जागी सीआर२०३२ या नाण्यासारख्या सेलचा होल्डर बसवला होता, तोही डायोडशिवाय, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाशिवाय. मूळ सर्किट निकेल-कॅडमियमला हळूहळू चार्ज करणारं आहे. सीआर२०३२ चार्ज होण्यासाठी बनलेलीच नाही. तिला उलटा करंट मिळाला की ती फुगते, गळते. १एन५८१७सारखा शॉटकी डायोड मध्ये टाकला की प्रश्न मिटतो, खर्च काही रुपयांचा. ‘रिस्टोअर’ म्हणणाऱ्याने हा डायोड टाकलेला नसेल, तर बाकीच्या दाव्यांकडे त्याच नजरेने बघा.

व्हिडिओकडे आधीच नीट पाहायला हवं होतं. एएमआय बायोस (मशीन चालू होताच बोर्डावरून आधी चालणारा प्रोग्रॅम) सुरू होताना स्क्रीनच्या तळाशी डावीकडे आकडे-अक्षरांची एक लांब ओळ येते, ती त्या बोर्डाची ओळख. व्हिडिओ थांबवून वाचली, आलेल्या बोर्डाची वाचली, दोन्ही वेगळ्या. म्हणजे व्हिडिओ दुसऱ्याच मशीनचा. आलेला बोर्ड मेमरी मोजून ‘कीबोर्ड एरर’वर थांबत होता आणि पुढे जायला एफ१ दाबा म्हणत होता. कीबोर्डच नाही, तर दाबणार काय?

कीबोर्ड तपासायची साधी रीत सगळ्यांनी लक्षात ठेवावी. मशीन चालू करताना तिन्ही दिवे एकदा लुकलुकतात, त्यावर विश्वास ठेवू नका. ती कीबोर्डची स्वतःची चाचणी असते, तिला फक्त ५ व्होल्ट पुरतात. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रॉम्प्ट आल्यावर नम लॉक दाबून पाहा. या काळातल्या एटी प्रकारच्या कीबोर्डचा दिवा मशीनकडून आज्ञा आल्यावरच बदलतो. दिवा बदलला, म्हणजे कळ मशीनपर्यंत पोचली आणि मशीनचं उत्तर परत आलं. दिवा बदलला नाही, तर पाच पिनांच्या डिन सॉकेटवर मल्टिमीटर लावा : पिन १ क्लॉक, २ डेटा, ४ ग्राउंड, ५ वर ५ व्होल्ट. आमच्या बोर्डावर ५ व्होल्ट येत होते, पण क्लॉक आणि डेटा या दोन्ही लाइनींचे पुलअप रेझिस्टरकडे (लाइन ५ व्होल्टला धरून ठेवणारे) जाणारे ट्रॅक रंगाखाली नाहीसे झाले होते.

प्रोसेसरवर ‘४०’ छापलेलं होतं. छपाई फार पांढरी आणि पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपर मारल्यासारखा. अ‍ॅसिटोनने वरचा काळा थर सुटला. खरी खूण मात्र शेजारच्या ऑसिलेटरवर, म्हणजे क्लॉकचे ठोके देणाऱ्या छोट्या डबीवर होती. ३८६ला स्वतःच्या वेगाच्या दुप्पट क्लॉक लागतं. ४० मेगाहर्ट्झला ८० चा ऑसिलेटर, ३३ ला ६६.६६७ चा. डबी ८० ची होती, पण तिच्या चारही पायांचं सोल्डर ताजं, चमकदार, भोवती फ्लक्सचा पिवळा डाग, आणि बाकी बोर्डाचं सोल्डर एकसारखं मळकट. म्हणजे ३३ ची चिप घासून, ऑसिलेटर बदलून ४० ची केलेली. थंड असताना चालते, गरम झाली की पंधरा-वीस मिनिटांत अडकते. विकताना दाखवायला तेवढी मिनिटं पुरेशी.

‘मूळ हार्ड डिस्क चालू’ हा दावा तर कानाने फसवणारा. डिस्क फिरण्याचा आवाज येत होता, कारण तिला फक्त पॉवरची वायर जोडली होती. डेटाची केबल ड्राइव्हच्या पिंजऱ्यामागे चिकटवलेल्या कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्डाच्या अ‍ॅडॉप्टरला गेली होती आणि कीबोर्ड दुरुस्त केल्यावर डॉस त्यावरूनच उघडलं. कार्ड वापरण्यात गैर काही नाही, आम्हीही वापरतो, लपवणं गैर. ओळखायचं असेल तर बायोस सेटअपमधले डिस्कचे सिलिंडर, हेड, सेक्टर हे तीन आकडे पाहा. तिघांचा गुणाकार करून ५१२ ने गुणा आणि डिस्कच्या लेबलावरच्या क्षमतेशी ताडून बघा. उदाहरणार्थ १००१, १५ आणि १७ म्हणजे सुमारे १३० एमबी. आकडे जुळले नाहीत तर केबल कुठे जाते ते हाताने चाचपा.

कपॅसिटरबद्दल थोडक्यात : एसएमपीएसमधले (पॉवर सप्लायच्या डब्यातले) जाळीतून दिसणारे दोनच नवे होते. झाकण उघडून बघणार असाल तर प्लग काढून बराच वेळ थांबा आणि मोठ्या कपॅसिटरवर मीटर लावूनच हात घाला; २३० व्होल्टवर त्यांच्यात ३२० च्या आसपास डीसी साठलेलं असतं. बोर्डला जोडताना पी८ आणि पी९ या पॉवरच्या दोन प्लगांच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींशेजारी आल्याच पाहिजेत. लोडवर ५ ची लाइन ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी, १२ ची ११.४ ते १२.६ मध्ये.

याच माणसांकडून दुसरा प्रकारही चालतो. नवी मुंबईतल्या महापे किंवा रबाळ्याच्या कंपनीतून जुने पीसी निघालेत, गाडी भरायची आहे, टोकन पाठवा. माल कधीच येत नाही. कंपनीचा ई-कचरा नियमाने नोंदणीकृत रिसायकलरकडे जातो. खरोखर विक्री असेल तर कंपनीचं चलन आणि गेटपास असतो, तो आधी मागा. आणि पैसे परत करतो म्हणून कोणी क्यूआर पाठवला तर स्कॅन करू नका. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेचा व्यवहार-संदर्भ क्रमांक), जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट, मूळ व्हिडिओची फाइल जपून ठेवा. बोर्ड दुरुस्त करायची घाई नको. रंगवलेल्या भागाचे, ऑसिलेटरचे, केबलचे फोटो आधी काढा. रोख दिली असेल तरी स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे. रोख देतानाच कागदावर दोन ओळी लिहून सही घेतली असती, तर आमचं काम सोपं झालं असतं.

सध्या त्या बोर्डावर अकरा वायरी आहेत, ऑसिलेटर परत ६६.६६७ चा आहे आणि कीबोर्ड चालतो. तोच व्हिडिओ मात्र मागच्या आठवड्यात नव्या नावाने, २१,००० रुपयांना, कळवा-मुंब्रा भागातून पुन्हा दिसला. ओळखायची खूण अशी : मॉनिटरखाली निळ्या चौकड्यांचं ऑइलक्लॉथ आहे, उजवीकडे स्टीलचा तांब्या, आणि पूर्ण दीड मिनिटात कीबोर्डला एकदाही हात लावलेला नाही.