मॅडिसनला अर्धा दिवस: ब्रॉडवेचं कारंजं की क्लिफ्टी फॉल्स?

कमिन्स या इंजिन कंपनीमुळे अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबसला स्थिरावलेल्या मराठी घरांत पुण्याहून आई-बाबा आले की शनिवारचा प्रश्न ठरलेला: न्यायचं कुठे? ओहायो नदीकाठचं मॅडिसन गाडीने तासाभरावर आहे. पण गावातलं कारंजं बघायचं की गावाला लागून असलेलं क्लिफ्टी फॉल्स उद्यान, हे निघण्याआधीच ठरवा.

ब्रॉडवे रस्त्यावरचं हे कारंजं १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात मांडलेलं होतं. ऑड फेलोज संघटनेने ते १८८६ मध्ये गावाला दिलं. मूळचं बिडाचं. पुढे त्याची पार रया गेली, तेव्हा गावाने तेच रूप ब्राँझमध्ये ओतवून घेतलं आणि १९८० मध्ये पुन्हा बसवलं. माथ्यावर एक स्त्री, खाली शिंगं फुंकणारे अर्धे माणूस अर्धे मासे असे ट्रायटन. त्यांचे फुगलेले गाल जवळ जाऊन बघाच. मात्र नुसतं कारंजं म्हणाल तर पंधरा मिनिटांत आटोपतं. खरी मजा तिथून रमतगमत नदीकडे उतरून १८४४ च्या लॅनिअर वाड्याच्या बागेत जाण्यात आहे. वाडा आतून बघायला तिकीट लागतं. बागेत बसून नदी बघायला नाही. गुडघे कुरकुरत असतील तर माझं मत सरळ इकडेच. थंडीत मात्र कारंज्याचं पाणी बंद असतं.

क्लिफ्टीचं गणित वेगळं. १९२० पासूनचं हे राज्य उद्यान. गाडीमागे प्रवेश शुल्क. मोठे धबधबे चार, त्यांतला टनेल फॉल्स ८३ फुटी. हिवाळा सरताना आणि वसंतात पाणी भरपूर. ऑक्टोबरात झाडं रंगतात, पण धबधब्याची बऱ्याचदा नुसती धार उरते. सह्याद्रीतला पावसाळा मनात धरून गेलात तर हिरमोड होईल. ओढ्याच्या दगडांत चाळीस कोटी वर्षांहून जुने जीवाश्म दिसतात. मुलं हरखतात आणि लगेच खिशात टाकू बघतात. उचलायला मनाई आहे. वाटा ओबडधोबड आणि निसरड्या, त्यामुळे साडी-चपलांवर उतरू नये. न चालणाऱ्यांसाठी उद्यानातलं क्लिफ्टी इन बरं, तिथून बसल्याजागी नदी दिसते.

दोन्ही करायचंच असेल तर क्लिफ्टी सकाळी उरका. चिखलाचे बूट डिकीत टाका आणि दुपारी गावात उतरा.