मोटरहोममध्ये मांजर: पैसे आधी कशावर घालावेत

अमेरिकेत मोटरहोममध्ये (घरासारखी सोय असलेल्या मोठ्या गाडीत) बारमाही राहायला निघालेले मांजरवाले पहिली खरेदी करतात ती गळ्यातल्या जीपीएसची. ती शेवटची असायला हवी. जीपीएस कामाला येतो तो मांजर बाहेर पळाल्यावर, आणि मांजराच्या जिवावर बेतणाऱ्या बऱ्याच गोष्टी गाडीच्या आतच असतात: बंद पडलेला एसी, सरकणारी स्लाइड (मुक्कामी बाहेर सरकवायचा खोलीचा भाग), ब्रेकच्या पेडलखाली शिरलेलं मांजर. म्हणून हा आढावा तापमान कळवणाऱ्या उपकरणापासून सुरू होतो आणि बराचसा त्याच्याभोवतीच फिरतो.

ही उपकरणं दोन जातीची आहेत. वॅगल आणि मारसेल स्वतःच्या मोबाइल जोडणीवर चालतात. त्यांना वाय-फाय लागत नाही, पण वर्गणी भरावीच लागते. टेम्प स्टिक वाय-फायवर आणि दोन एए सेलवर चालते, वर्गणी नाही. साध्या घरासाठी टेम्प स्टिकच घ्यावी. मोटरहोममध्ये मात्र तिचा जीव राउटरमध्ये अडकलेला असतो. राउटर १२० व्होल्टच्या साध्या सॉकेटला लावलेला असेल, तर कॅम्पग्राउंडची (अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या तळाची) वीज गेली की एसी बंद, इंटरनेट बंद आणि सेन्सरही मुका. राउटर गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर घेतला की हा दोष जातो (उपग्रहावरून इंटरनेट देणारी स्टारलिंक मिनी तर थेट १२ ते ४८ व्होल्ट डीसीवर चालते). एवढी वायरिंग करायची नसेल तर वर्गणीवालं उपकरण घ्या आणि वर्गणीची कुरकुर करू नका.

वर्गणीवाल्यांचा खरा फायदा वेगळाच आहे. वीज गेल्याचा संदेश ती तापमानाची वाट न बघता पाठवतात. तापमान मर्यादेबाहेर गेल्याचं कळतं तेव्हा एसी बंद पडून बराच वेळ झालेला असतो, मग परतीची धावपळ. पण इथे एक चूक सर्रास होते. उपकरणाचा चार्जर ज्या सॉकेटला लावला आहे तो इन्व्हर्टरवर असेल, तर वीज गेल्याचं उपकरणाला कळतच नाही, कारण त्याच्यापुरती वीज चालूच असते. नवीन गाड्यांमध्ये निम्मे सॉकेट इन्व्हर्टरवर असू शकतात. बाहेरची केबल उपटून पाहा: जो सॉकेट मेला, तो आपल्या कामाचा.

सेन्सर ठेवायचा तो मांजर जिथे झोपतं त्या उंचीवर, उन्हाच्या तिरिपेपासून आणि एसीच्या झोतापासून दूर. वरच्या कपाटाला चिकटवलेला सेन्सर गरम आकडा दाखवतो, झोतातला खोटा गार. वरची मर्यादा २७ अंश सेल्सिअस ठेवावी, म्हणजे उपकरणात ८० फॅरनहाइट. मांजराचं स्वतःचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं आणि ते ४० च्या वर गेलं की प्रकरण उष्माघाताकडे झुकतं. मर्यादा ३२ वर ठेवणाऱ्यांना कमी संदेश येतात आणि कमी वेळही मिळतो. फोनमध्ये संदेश येणारा नंबर नावानिशी साठवून त्याला आयफोनवर ‘इमर्जन्सी बायपास’ द्यावा, नाहीतर सायलेंटवरचा फोन खिशात गप्प राहतो. दुसरा नंबर शेजारच्या गाडीवाल्याचा किंवा कॅम्पग्राउंडच्या ऑफिसचा असावा, आणि दार कसं उघडायचं हे त्यांना आधी सांगून ठेवावं.

आता चाचणी. सगळे आत असताना एसीचा ब्रेकर पाडा आणि घड्याळ लावा. संदेश किती मिनिटांनी आला आणि तोवर पारा किती चढला, हे दोन आकडे लिहून ठेवा. कारमध्ये १० मिनिटांत ११ अंशांची वाढ होऊ शकते. मोटरहोममधली हवा जास्त असल्याने वेग कमी असतो, पण पातळ भिंती आणि समोरची अख्खी काच बघता भरवसा धरू नये. बाहेर जाण्याची तुमची मर्यादा हे दोन आकडे ठरवतात. तेवढ्या वेळात परत येता येत नसेल तर मांजराला एकटं सोडायचं नाही. डेथ व्हॅली किंवा बिग बेंडसारख्या निर्जन राष्ट्रीय उद्यानांत, जिथे बऱ्याच भागात मोबाइलला रेंजच नाही, तिथे ही वर्गणीवाली उपकरणं शोभेचीच.

उपकरण चांगलं असून भागत नाही, एसीही तगला पाहिजे. छतावरचा एक एसी, मग तो १३,५०० बीटीयूचा (हे गारव्याच्या ताकदीचं माप) असो की १५,००० चा, उन्हात बाहेरच्यापेक्षा साधारण ११ अंशांपर्यंतच आतली हवा खाली आणतो असा ढोबळ हिशेब आहे. जून महिन्यात अ‍ॅरिझोनात नागपूरच्या मे महिन्यासारखे ४३ अंश असतील तर आत ३२ राहणार, तेही सगळं सुरळीत चालू असताना. काचांना चंदेरी पडदे लावा, गाडीचं तोंड उत्तरेकडे करा, जमल्यास उंचावरच्या कॅम्पग्राउंडला हला.

विजेच्या खांबावर लावायचं संरक्षक उपकरण (लोक त्याला ईएमएस म्हणतात) घ्यायलाच हवं. प्रोग्रेसिव्ह इंडस्ट्रीजचं ईएमएस दाब १०४ व्होल्टच्या खाली किंवा १३२ च्या वर गेला की वीज तोडतं. भर दुपारी सगळ्या गाड्यांचे एसी एकदम चालू असले की जुन्या कॅम्पग्राउंडात दाब खरोखर इतका पडतो. एसीचा कॉम्प्रेसर वाचतो, पण गाडीत मांजर असेल तर वीज तुटणं हीच बातमी. म्हणून ईएमएस आणि तापमान-संदेश ही जोडी एकत्रच घ्यावी. वीज परतल्यावर एसी आपोआप सुरू होतो का, हेही केबल उपटून तपासा. भिंतीवरचा थर्मोस्टॅट १२ व्होल्टवर असेल तर बहुधा होतो. रिमोटवरचे काही एसी मात्र तसेच बंद पडून राहतात. असा एसी असेल तर बाकीचा सगळा खर्च वाया.

जाळी. कारखान्यातून येते ती फायबरग्लासची, नखांनी सहज फाटते. फायफर कंपनीची पेटस्क्रीन ही विनाइल चढवलेली पॉलिस्टरची जाळी आहे. कंपनी ती नेहमीच्या जाळीच्या सातपट मजबूत म्हणते. सातपटीचा हिशेब ज्याचा त्याने करावा, पण रोज चढणाऱ्या मांजरापुढे ती टिकते हे खरं. वारा थोडा कमी येतो. बसवताना दोन गोष्टी बिघडतात. एक, जाळी जाड असल्याने तिला चौकटीत धरणारी जुनी रबरी दोरी खाचेत बसत नाही. एक माप बारीक दोरी आणावी. दोन, मोटरहोमच्या खिडक्यांची चौकट लवचीक असते, जाळी ताणली की मधे आत वाकते. चौकटीच्या आत लाकडी ठोकळे अडकवून मग दोरी दाबली तर ती सरळ राहते. आपत्कालीन खिडकीची जाळी एका झटक्यात निघावी अशीच केलेली असते. ती कायमची ठोकू नका, त्या खिडकीची काचच बंद ठेवा.

दाराच्या जाळीला हँडलपर्यंत हात घालायला प्लास्टिकची सरकती पट्टी असते. मांजराला ती पंजाने ढकलता येते. पट्टीला छोटी कडी लावा आणि दाराच्या खालच्या अर्ध्या भागावर धातूची ग्रिल बसवा. हे काम तासाभराचं आहे आणि पळून जाण्याचा सर्वात मोठा रस्ता त्याने बंद होतो.

त्यानंतर भोकं. सिंकखाली पाइप जिथून जमिनीत उतरतात तिथे, फ्रिजच्या मागे, डॅशबोर्डखाली आणि स्लाइडच्या कडेला मुठीएवढ्या फटी असतात. मांजराचं डोकं गेलं की बाकीचं अंगही जातं. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी कापून स्क्रूने लावावी. फुगणारा फोम हीटरच्या किंवा त्याच्या धुराच्या नळाच्या आसपास वापरू नये, तो उष्णतेसाठी नाही. लिटर बॉक्स (मांजराच्या शी-शूचं खोकं) बेसमेंटच्या, म्हणजे गाडीच्या जमिनीखालच्या, कप्प्यात ठेवून आतून मांजरदार काढणं ही सोय छान आहे, पण बाहेरच्या कप्प्यांना बहुतेक वेळा सीएच७५१ नंबरचं एकच कुलूप असतं आणि त्याची किल्ली निम्म्या कॅम्पग्राउंडच्या खिशात असते. आधी कुलूप बदला, मग मांजरदार काढा.

स्लाइडला विकत घेण्यासारखं काही नाही, फक्त शिस्त. मांजरं स्लाइडखालच्या पोकळीत आणि सोफ्याच्या मागे झोपतात, आणि स्लाइड अर्धी सरकलेली असताना कडेने थेट बाहेरची वाट उघडते. स्लाइड आत घ्यायची असो वा बाहेर काढायची, आधी सगळी मांजरं कॅरिअरमध्ये (मांजर न्यायच्या पिशवीत), कॅरिअरची चेन बंद, मोठ्याने मोजणी, मग बटण. “मला आत्ताच बेडवर दिसली होती” ही मोजणी नव्हे. गाडी समतल ठेवणारे लेव्हलिंग जॅक उचलण्याआधीही तेच, बाहेर हार्नेसवर (अंगात घालायच्या पट्ट्यावर) असलेलं मांजर आधी आत.

कॅरिअरमध्ये स्लीपीपॉडची शिफारस करायला हरकत नाही. सेंटर फॉर पेट सेफ्टी या संस्थेच्या अपघात-चाचण्यांत ते उतरलेलं आहे, तर ‘क्रॅश टेस्टेड’ लिहिलेल्या अनेक पिशव्यांच्या मागे कोणाची चाचणी हेच कळत नाही. महाग आहे, आणि दोन मांजरांना दोन घ्यावी लागतात. मोटरहोममध्ये ते ज्या जागेवर सीटबेल्ट आहे तिथेच बांधायचं. जेवणाच्या बाकावर नुसतं ठेवलेलं कॅरिअर ब्रेक दाबताच पुढे येतं. ट्रेलर ओढत असाल तर मांजर ओढणाऱ्या गाडीत, ट्रेलरमध्ये कधीच नाही.

हार्नेस जाकिटासारखा असावा, पट्ट्यांचा नको. घाबरलेलं मांजर मागे सरकून अंग काढून घेतं, म्हणून घरातच समोरून हलकं ओढून बघा. खांदा बाहेर आला तर माप चुकलं. आपोआप गुंडाळणारा पट्टा नकोच, त्याचं हँडल हातातून सुटलं की मागून खडखडत येतं आणि मांजर आणखी पळतं.

आता गळ्यातलं. ट्रॅक्टिव्हचा मांजरांचा जीपीएस मोबाइल जोडणीवर चालतो, वजन साधारण २५ ते ३० ग्रॅम, वर्गणी वेगळी. गावात आणि शहराजवळ उत्तम. नकाशावर आखलेलं कुंपण मात्र गाडी हलली की जुन्या कॅम्पग्राउंडातच राहतं. प्रत्येक मुक्कामी ते नव्याने आखावं लागतं आणि लोक विसरतात. ११ ग्रॅमच्या अ‍ॅपल एअरटॅगमध्ये जीपीएस नाही, तो आसपासच्या लोकांच्या आयफोनवर अवलंबून असतो. हिवाळ्यात मोटरहोमवाल्यांनी गजबजलेल्या क्वार्ट्झसाइट गावात तो सापडेल, निर्जन सरकारी जमिनीवर नाही. त्याचा सीआर२०३२ सेल घेताना (मुलांनी गिळू नये म्हणून लावतात तो) कडवट लेप नसलेला घ्यावा, लेपवाला बसवल्यावर टॅग चालेलच असं नाही. रेंज नसलेल्या भागात राहणाऱ्यांना मार्को पोलो नावाचा ट्रॅकर जास्त उपयोगी. तो रेडिओवर चालतो, वर्गणी नाही, हातातलं यंत्र दिशा दाखवतं. पट्टा कोणताही असो, झटका बसला की सुटणारा हवा. सुटला की जीपीएसही गेला, म्हणून कातडीखाली बसवायची मायक्रोचिप हवीच. चिपच्या नोंदीत पत्ता देताना बारमाही फिरणारे बरेच जण टेक्सासच्या लिव्हिंगस्टनचा किंवा साउथ डकोटाच्या सू फॉल्सचा, फक्त टपालापुरता घेतलेला पत्ता लिहितात. त्या पत्त्यावर मांजर परत कोण नेणार? दोन मोबाइल नंबर द्या, आणि नंबर बदलला की नोंद त्याच दिवशी बदला.