पोतं न दाखवता विकलेलं 'पपी फूड'

लॅब्रॅडॉरचं दोन महिन्यांचं पिल्लू आम्ही ज्याच्याकडून घेतलं, त्याने त्याच वेळी खाणंही दिलं. पारदर्शक पिशवीत सुटे दाणे, बिनलेबलाच्या डब्यात कॅल्शियमची म्हणून पांढरी पावडर आणि वर एक अट: "हेच चालू ठेवलंत तर तब्येतीची गॅरंटी माझी. मध्येच ब्रँड बदललात तर मी जबाबदार नाही." ऐकायला काळजीचं वाटतं. त्या अटीचा खरा उपयोग आमच्या लक्षात यायला बरेच दिवस गेले. पिल्लू एकदाच विकता येतं, खाणं मात्र महिनोनमहिने विकता येतं.

दाणे नावाजलेल्या कंपनीचेच आहेत, मोठं पोतं फोडून वजनावर देतो म्हणून परवडतात, असं त्याचं म्हणणं. पिशवीवर घरच्या प्रिंटरवर काढलेलं स्टिकर होतं. 'सर्व जातींच्या पिल्लांसाठी', 'प्रोटीन ३०%' आणि 'आफको प्रमाणित'. यातलं तिसरं वाक्य कुठेही दिसलं तर तिथेच सावध व्हा. आफको ही अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना. कुत्र्यांच्या खाण्यात कोणते घटक किमान किती असावेत याचे तक्ते ती ठरवते. पण ती कुठलंही खाद्य स्वतः तपासत नाही, मंजूर करत नाही आणि प्रमाणपत्रही देत नाही. प्रामाणिक कंपनी फार तर एवढंच छापते की, हे खाद्य आफकोच्या अमुक वयोगटाच्या तक्त्याप्रमाणे बनवलेलं आहे. सगळी मेख त्या 'अमुक वयोगटा'त असते.

पिल्लू खाण्यावर तुटून पडायचं. "बघा, किती आवडतंय," हा विक्रेत्याचा ठरलेला पुरावा. आवडण्यात नवल काहीच नाही. दाणे शिजवून वाळवल्यावर त्यांच्यावर चरबीचा आणि मांसाच्या अर्काचा थर फवारतात, तो कुत्र्यांनी हावरेपणाने खावं म्हणूनच. वाढीसाठी खाणं पुरेसं आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. ते थोडंफार कळतं दुसऱ्या टोकाला. आमच्या पिल्लाची शी खाल्लेल्याच्या मानाने फार जास्त आणि कायम सैलसर असायची, म्हणजे अंगी कमी लागत होतं आणि बरंचसं तसंच बाहेर पडत होतं. अशी लक्षणं जंतांमुळेही दिसतात, पण जंतांचं औषध वेळच्या वेळी देऊन फरक पडला नव्हता. विचारलं की उत्तर तयार: "पोट सेट होतंय." केस निस्तेज दिसतात म्हटलं, तर "पावडर एक चमचा वाढवा."

आम्ही शंका काढायला लागलो तेव्हा त्याने 'आमच्या डॉक्टरांशी' फोन जोडून दिला. पलीकडच्या गृहस्थांनी वजन विचारलं नाही, वय विचारलं नाही, पावडर चालू ठेवा एवढंच सांगितलं. नंतर कळलं की ते त्याच्याच धंद्यातले भागीदार.

पुढे पिल्लाचे पुढचे पाय मनगटापाशी खाली बसायला लागले. पंजे पसरले, चालताना मागचा भाग ओढल्यासारखा दिसायचा, आणि एक दिवस ते लंगडायला लागलं. प्राण्यांच्या खऱ्या डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रे काढले आणि पहिला प्रश्न केला: "खाण्याची पिशवी आणलीत? मागची बाजू बघायची आहे." मागची बाजू नव्हतीच. सुट्या मालात नेमकी तीच नाहीशी केलेली असते. घटकांची यादी, कॅल्शियमचं प्रमाण, कुठल्या वयासाठी, बॅच नंबर, मुदत, सगळंच. पावडरीत काय आणि किती, तेही कुठे लिहिलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, "दोन्ही आकडे माहीत नाहीत, तर हिशोब कशाचा करू?"

हा हिशोब मोठ्या जातींत का महत्त्वाचा, हे त्यांनी नीट समजावलं. प्रौढ कुत्र्याच्या आतड्यात गरजेपुरतं कॅल्शियम शोषलं जातं. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला तो आवर पुरेसा घालता येत नाही, त्यामुळे घालाल त्यातलं बरंचसं अंगात जातं. कमी पडलं तर हाडं कमजोर, जास्त झालं तर हाडांची आणि सांध्यांच्या कूर्चेची वाढ बिघडते. आफकोच्या तक्त्यात वाढत्या पिल्लाच्या खाण्यात, पाणी वजा करून, कॅल्शियम किमान १.२% लागतं. मोठेपणी साधारण ३२ किलो किंवा त्याहून जास्त भरणाऱ्या जातींसाठी वरची मर्यादा १.८% आहे, इतरांसाठी २.५%. शिवाय कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं प्रमाण एकास एक ते दोनास एक यांच्या दरम्यान राहावं लागतं. चांगल्या पपी फूडमध्ये हे आधीच बसवलेलं असतं. त्यावर चमच्याने पावडर टाकली की ते मोडतं.

त्या दिवसापासून आम्ही विक्रेत्यामागे एकच लकडा लावला: मूळ पोत्याचा फोटो पाठवा. आधी समोरच्या बाजूचा आला. गोंडस पिल्लाचं चित्र नव्हतंच, एक रुबाबदार मोठा कुत्रा होता. मागची बाजू पाठवा म्हटल्यावर टाळाटाळ, मग "पोतं फेकून दिलं", मग शेवटी वैतागून एक अंधुक फोटो. मोठा करून पाहिला तर स्वच्छ छापलेलं: प्रौढ श्वानांच्या नित्य पोषणासाठी. मुदतीच्या जागेवर दुसरा कागद चिकटवलेला.

आता स्टिकरवरचे शब्द उलगडले. आफकोप्रमाणे प्रौढांच्या खाण्यात प्रोटीन किमान १८% आणि चरबी ५.५% असली तरी चालते. पिल्लांना किमान २२.५% आणि ८.५% हवं. प्रौढांसाठी कॅल्शियमची किमान पातळी ०.५% आणि फॉस्फरसची ०.४%, पिल्लांसाठी फॉस्फरसही १% लागतो. पावडर सोबत का यायची, याचा आमचा अंदाज असा की मोठ्यांचं खाणं पिल्लांना खपवताना ती 'कसर भरून काढणारी' वस्तू होती. नुसतं कॅल्शियम ओतून फॉस्फरसची, प्रोटीनची, चरबीची कसर भरत नाही, हे वेगळं सांगायला नको. आणि तिचेही पैसे वेगळे.

'प्रोटीन ३०%' चं काय? पोत्यावर इतकं नव्हतंच, तो आकडा स्टिकरवर जन्मला. पण छापील आकडाही आंधळेपणाने घेऊ नका. प्रयोगशाळेत प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. नायट्रोजन कुठून आला, हे त्या आकड्यात दिसत नाही. २००७ मध्ये अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची खाणी मोठ्या प्रमाणावर परत मागवावी लागली ती यामुळेच. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये नायट्रोजन फुगवण्यासाठी मेलामाइन मिसळलेलं होतं आणि जनावरांची मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हा बॅच नंबर असलेली पाकिटं तरी ओळखून बाजूला काढता आली. सुट्या पिशवीवर परत मागवण्यासारखं काही लिहिलेलंच नसतं. पोतं फोडून उघडं राहिलं की चरबी खवट होते, जीवनसत्त्वं घटतात, दमट हवेत बुरशी धरते, हे आणखी निराळं.

पैसे मागितले तर त्याने आणखी एक पिशवी देऊ केली. गॅरंटीची आठवण करून दिली तर म्हणाला, तुम्ही बाहेरच्या डॉक्टरकडे गेलात, गॅरंटी संपली. त्यानंतर त्याने आमचा नंबर ब्लॉक केला. तोच माल दुसऱ्या नावाच्या स्टिकरखाली विकला जाताना आम्ही पाहिला आहे.

पिल्लू सावरतंय. पावडर लगेच बंद केली. खाणं एका झटक्यात न बदलता आठवडाभर जुन्यात नवं वाढवत नेलं. नवं खाणं मोठ्या जातीच्या पिल्लांचं, सीलबंद. दिवसाचं मोजून घालतो, फासळ्या हाताला सहज लागतील इतकंच अंग ठेवायला सांगितलं आहे, कारण गुबगुबीत पिल्लाच्या सांध्यांवर विनाकारण भार पडतो. गुळगुळीत फरशीवर चटया टाकल्या. मनगटं पुष्कळ उचलली गेली आहेत, पुढचा एक्स-रे बाकी आहे.

अशा कुणाकडून माल घेतला असेल तर उरलेले दाणे आणि पावडर फेकू नका. हवाबंद डब्यात ठेवा, स्टिकर, पैसे दिल्याची नोंद आणि मेसेज जपा, आणि हे सगळं घेऊनच डॉक्टरांकडे जा. आणि एक तातडीचं. पिल्लू लंगडतंय म्हणून आम्ही पहिल्यांदा फोन केला, तेव्हा या माणसाने माणसांची आयबुप्रोफेनची अर्धी गोळी द्यायला सांगितलं होतं. ती आम्ही दिली नाही. कुत्र्यांना आयबुप्रोफेन विषारी आहे, पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बंद पडतात. कुणी सांगितलं, कितीही खात्रीने सांगितलं, तरी देऊ नका.